बिदरची सुरंगबाव

बिदर हे नाव मराठी माणसाच्या कानी प्रथम पडते ते दामाजीपंतांच्या कथेत. पंधराव्या शतकातील दुष्काळात मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने सरकारी कोठारे भुकेल्यांना मोकळी करून दिली, आणि बादशहाचा कोप ओढवण्यापूर्वीच विठू महाराच्या वेषाने प्रत्यक्ष पांडुरंग बिदरच्या दरबारी गेला व धान्याची किंमत भरून आला, अशी ती परंपरागत कथा. कथेतील बिदर म्हणजे एक दरबार, एक बादशहा आणि मोहरांची एक थैली. त्या दरबाराला आणि त्याच्या भोवती वसलेल्या नगराला पाणी कोठून मिळत होते, हा प्रश्न कथेत येण्याचे कारण नाही. परंतु तो इतिहासाच्या पुस्तकांतही फार काळ आला नाही, हे मात्र नवल म्हटले पाहिजे. लढाया, तख्तनशिनी आणि विश्वासघात यांनी बहमनी राजवटीची प्रकरणे भरून गेली. ज्या पाण्यावर हे सारे चालले होते ते जमिनीखालून वाहत होते, आणि म्हणूनच की काय, लेखणीच्या टप्प्यात आले नाही.

बहमनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये झाली. त्याची पहिली राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी. तेथून १४३० च्या सुमारास अहमदशहा वली याने आपली राजधानी बिदरला आणली. बिदर हे एका पठाराच्या कडेवर वसलेले आहे. या पठाराचा वरचा थर जांभ्याचा आहे. कोकणात चिऱ्यांच्या खाणी पाहिलेल्या वाचकास जांभा नवा नाही. दख्खनच्या काळ्या कातळाच्या मुलखात तो असा टोपीसारखा माथ्यावर बसलेला आढळतो, एवढेच येथील वैशिष्ट्य. जांभा सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते, खाली उतरते, आणि खालच्या चिकण थराला व कातळाला टेकले की थांबते. मग ते बाजूला सरकत सरकत पठाराच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून बिदरच्या पठारावर उभे असता पाणी दिसत नाही, आणि पायथ्याशी ठिकठिकाणी ते झुळझुळत असते.

या झऱ्यांची लोकांनी फार पूर्वीच पूजा मांडली. पापनाशाच्या शिवमंदिराजवळ झरा आहे. नरसिंह झरणीच्या गुहेत भाविक छातीएवढ्या पाण्यातून चालत आत देवापर्यंत जातात. मराठवाड्यातूनही तेथे यात्रेकरू जातात. गुरू नानकांनी पाय लावून दगड बाजूला सारला व गोड पाणी वाहू लागले अशी श्रद्धा असलेला नानक झिरा शिखांचे तीर्थ आहे. भक्तांच्या कथा निरनिराळ्या आहेत, पण कडेने पाझरणारे हे पाणी एकाच जांभ्याचे आहे.

झरा जेथे फुटेल तेथेच पाणी घ्यायचे, ही झाली निसर्गाची मर्जी. ते आपल्याला हवे तेथे फुटावे, यासाठी बिदरमध्ये जी युक्ती योजली गेली तिला तेथील लोक ‘सुरंगबावी’ म्हणतात. बावी म्हणजे आपली बाव, विहीर. फारशीत या रचनेला कारेझ असे नाव आहे आणि अरबीत कनात. (मराठीत कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत, तिचा येथे संबंध नाही.) रचना अशी. उंचावर, जेथे भूजल हमखास लागेल अशा जागी, एक खोल विहीर खणायची. ती मूळ विहीर. मग सखल जागेपासून त्या विहिरीच्या दिशेने एक भुयार खणीत जायचे. भुयाराचा तळ अगदी मंद उताराचा ठेवायचा. उतार अधिक झाला तर वेगाने वाहणारे पाणी तळ खरवडून काढील, आणि कमी झाला तर गाळ साचेल. भुयाराच्या वाटेवर ठराविक अंतरावर वरून उभे कूप उतरवायचे. त्यांतून खणलेली माती वर काढता येते, खाली काम करणाऱ्यास उजेड व वारा मिळतो, आणि पुढे गाळ उपसण्यास याच वाटा उपयोगी पडतात. एकदा हे साधले की मोट नको, रहाट नको, बैल नको. पाणी स्वतःच्या वजनाने अहोरात्र वाहत राहते आणि उन्हाने आटतही नाही.

हे शास्त्र इराणातले. तेथील अकरा कनातींना २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. बिदरला ते कसे पोहोचले याचा माग काढणे कठीण नाही. अहमदशहाची श्रद्धा शाह निअमतुल्लाह या किरमानच्या सत्पुरुषावर होती. त्यांचे वंशज बिदरला येऊन राहिले. त्यांची चौखंडी आजही बिदरच्या वेशीबाहेर उभी आहे. किरमानचा मुलूख कनातींवर जगणारा. पुढे वजीर झालेला महमूद गवान हाही इराणातल्या गिलानचा. त्याचा १४७२ मधील मदरसा सर्वांना ठाऊक आहे, कारण तो जमिनीच्या वर आहे. विद्वान, सौदागर आणि सूफी ज्या वाटेने आले त्याच वाटेने पाणी शोधणारे कारागीरही आले असणार. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर आणला. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ चा. मराठी वाचकांना ही दोन नावे परिचित असतात. बिदरची सुरंगबाव पंधराव्या शतकातील मानली जाते, म्हणजे या दोहोंची ती वडील बहीण ठरते.

जमिनीखाली खणणाऱ्यांना इतिहासात जागा क्वचितच मिळते. यरुशलेम येथे हिज्कीया राजाच्या काळी, ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस, शत्रूचा वेढा पडण्याच्या भीतीने शिलोहच्या तळ्यापर्यंत सुमारे ५३३ मीटर लांबीचे भुयार खणले गेले. त्या भिंतीवरचा लेख १८८० मध्ये सापडला. दोन्ही बाजूंनी खणत येणाऱ्या मजुरांना मध्ये थोडा दगड उरला असता एकमेकांचे आवाज कसे ऐकू आले, हे त्यात नोंदले आहे. राजाचे नाव त्यात नाही. आहे ती खणणाऱ्यांची हकीकत. बिदरच्या भुयारातील कामकऱ्यांच्या वाट्याला एवढीही ओळ आली नाही. त्यांच्या काळचा एक परका साक्षीदार मात्र आहे. रशियातील त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन १४७० च्या सुमारास बिदरला होता. सरदारांचा थाट त्याने डोळे विस्फारून वर्णिला, आणि त्याच दमात गावोगावच्या रयतेचे दारिद्र्यही नोंदले. भुयारात उतरणारे हात त्या रयतेचेच असले पाहिजेत.

बहमनी गेले, बरीदशाही गेली, मोगल आले, मग निजाम. हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांचा बिदरवरील मोठा ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो अजूनही प्रमाण मानला जातो, पण त्याचा मुख्य विषय वास्तू हाच होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठी मुलखाकडे आले, बिदर म्हैसूर राज्यात गेले. नळाचे पाणी आले, विजेचे पंप आले. सुरंगबावीचे कूप शेतांत आणि वस्त्यांत उघडे पडले होते. कोणी त्यांत कचरा टाकला, कोणी ते बुजवून वर बांधकाम केले. ज्याचा उपयोग कळत नाही असा खड्डा माणूस भरून टाकतो, यात कोणाचा दुष्टपणा नाही.

या विस्मृतीतून सुरंगबाव बाहेर निघाली ती दरबारी बखरींच्या आधाराने नव्हे, तर भूगोलाच्या अभ्यासामुळे. केरळातील चित्तूर येथील सरकारी महाविद्यालयात भूगोल शिकविणारे प्रा. व्ही. गोविंदनकुट्टी यांनी २०१२ नंतर बिदरच्या पठाराचा पद्धतशीर शोध घेतला. पठाराची उंची-सखलता, जांभ्याचा विस्तार, उपग्रहांनी टिपलेली चित्रे आणि शेताच्या बांधाबांधाने केलेली पायपीट, ही त्यांची साधने. एका रेषेत येणारे खळगे म्हणजे बुजलेले कूप असू शकतात, हे एकदा ध्यानी आले की भुयाराची वाट वरूनच काढता येते. नौबाद, शुक्लतीर्थ आणि जमना मोरी अशा तीन रचना या अभ्यासात पुढे आल्या. त्यांपैकी नौबादची रचना दोन किलोमीटरहून अधिक लांब असून तिचे वीसच्या आसपास कूप आहेत. दरम्यान जागतिक वास्तुवारसा निधीच्या २०१४ च्या दक्षतासूचीत बिदर शहराचा समावेश झाला, आणि शहरातील तरुणही कामाला लागले. जिल्हा प्रशासनाने २०१५ च्या सुमारास नौबादच्या कूपांतील गाळ व कचरा उपसण्यास हात घातला.

विद्यापीठीय संशोधनाने या भागातील पाण्याचा माग काढावा, हे प्रथमच घडले असे नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातील, आता यादगीरमध्ये मोडणाऱ्या, हुणसगी खोऱ्यात अनेक वर्षे काम केले. इसामपूर येथील दगडी हत्यारांची जागा १९८३ मध्ये सापडली आणि १९९७ पासून तेथे उत्खनन झाले. तिचे वय बारा लाख वर्षांच्या घरात काढले गेले. या संशोधनातील एक निष्कर्ष विशेष विचारात घेण्याजोगा आहे: कोरड्या ऋतूत आदिमानवाच्या टोळ्या बारमाही झऱ्यांपाशी एकवटत आणि पावसाळ्यात पांगत. उन्हाळ्यात पाणी कोठे उरते, याचे ज्ञान या मुलखात राजधान्यांपेक्षा कितीतरी जुने आहे.

बिदरच्या शोधाची खरी कसोटी २०१६ मध्ये लागली. त्या वर्षीच्या दुष्काळात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ते दृश्य महाराष्ट्र विसरलेला नाही. तेव्हा सुरंगबावीकडे केवळ जुनी वस्तू म्हणून पाहणे कोणालाच परवडणारे नव्हते. परंतु येथेच एक भ्रमही उत्पन्न होतो. गाळ काढला, कूपांना कठडे बांधले, फलक लावला, म्हणजे सुरंगबाव वाचली असे वाटू लागते. किल्ला तसा वाचविता येतो, कारण किल्ला म्हणजे दगड. सुरंगबाव म्हणजे दगड नव्हे. ती एक चालू क्रिया आहे. माथ्यावरचा जांभा उघडा राहिला, पावसाचे पाणी त्यात मुरले, तरच भुयारात ते उतरणार. माथ्यावर घरांचे आणि डांबराचे आवरण चढले, किंवा जांभाच खणून नेला, तर खाली उरेल तो एक स्वच्छ, नीट राखलेला आणि कोरडा बोगदा. पुराणवस्तूच्या कायद्याने भुयार संरक्षित होईल. पण दोन किलोमीटर दूरचे माळरान हेही त्या भुयाराचेच अंग आहे, हे त्या कायद्याला कसे कळावे?

कूपनलिकांची गोष्ट याहून अवघड आहे. भुयाराजवळ खोल कूपनलिका बसली आणि तिने भूजलाची पातळी भुयाराच्या तळाखाली ओढली, की भुयार आटते. शेतकऱ्याचा दोष काढणे सोपे आहे. जमीन त्याची, पीक त्याचे, कर्जही त्याचेच. मोट एकट्याची असू शकते, कूपनलिका एकट्याची असते. सुरंगबाव एकट्याची असूच शकत नाही, कारण तिचा माथा एकाच्या शेतात आणि मुख दुसऱ्याच्या.

इराणात या वादावर फार पूर्वी तोडगा निघाला होता. कनातीच्या दोन्ही अंगांना काही अंतरापर्यंत दुसऱ्याने विहीर खणू नये, असा दंडक तेथे असे. त्या राखीव पट्ट्याला ‘हरीम’ म्हणत. कारेझ दख्खनला आली. तिच्यामागून हरीम आली नाही, निदान टिकली तरी नाही. आज तसा पट्टा बिदरच्या पठारावर आखायचा झाला तर प्रथम भुयाराची रेषा ठाऊक असावी लागते. नौबादची रेषा आता नकाशावर आली आहे. ती कोणकोणत्या सर्व्हे नंबरांखालून जाते, आणि मूळ विहिरीच्या वर किती माळ मोकळा राहिला आहे, याची महसुली दप्तरात नोंद करण्याचे काम पुढचे आहे.