‘ड्रॅगोमन’ : दुभाष्याच्या नांवाची कुळकथा

‘ड्रॅगोमन’ हा शब्द इंग्रजींत आतां क्वचितच कोणी वापरतो. जुन्या प्रवासवर्णनांत तो भेटला, कीं वाचकास प्रथम आग ओकणाऱ्या ड्रॅगनची आठवण व्हावी. वस्तुतः त्याचा अर्थ दुभाष्या. तुर्की भाषेंत यालाच ‘तेर्जुमान’ म्हणतात. फारसीच्या वाटेनें मराठींत आलेला ‘तर्जुमा’ हाही याच कुळांतला. शेवटच्या ‘मन’चा माणसाशीं कांहीं संबंध नाहीं, तरीही कित्येक इंग्रजांनीं तो आपलाच ‘मॅन’ समजून ‘ड्रॅगोमेन’ असें अनेकवचन केलें!

हें घराणें फार प्राचीन आहे. आजच्या तुर्कस्तानांतील कुलतेपे येथें सुमारें 4000 वर्षांपूर्वीं असुर व्यापाऱ्यांनीं मातीच्या पाट्यांवर जे लेख लिहिले, त्यांतही दुभाष्याला ‘तार्गुमान्नुम्’ असेंच म्हटलें आहे. अरबींत त्याचा ‘तर्जुमान’ झाला. तेथून एक शाखा तुर्कींत शिरली व दुसरी ग्रीक, इटालियन, फ्रेंच अशी मजल दरमजल करीत इंग्रजींत पोहोंचली.

शब्दाला खरें वैभव लाभलें तें ऑटोमन दरबारांत. 1661 सालीं पानायोतिस निकूसियोस हा ग्रीक गृहस्थ सुलतानाचा मुख्य दुभाष्या झाला. त्याच्यामागून आलेल्या अलेक्झांडर माव्रोकोर्दातोनें 1699 च्या कार्लोविट्झ येथील तहाच्या वाटाघाटींत भाग घेतला. पुढें हें पद कॉन्स्टँटिनोपलच्या फनार मोहल्ल्यांतील ग्रीक घराण्यांकडेच राहिलें. दाढी राखण्याची व घोड्यावर बसण्याची मुभा त्यांना मिळाली. परंतु निःशंक विश्वास मात्र कधींच लाभला नाहीं.

युरोपीय वकिलांनाही हीच चिंता होती. स्थानिक दुभाष्या आपलें गुपित फोडील, या धास्तीनें व्हेनिसनें 1551 सालीं, फ्रान्सनें 1669 सालीं व ऑस्ट्रियानें 1754 सालीं स्वतःच्या तरुणांना पौर्वात्य भाषा शिकविण्याची सोय केली.

1821 सालीं ग्रीकांनीं स्वातंत्र्याचें बंड उभारलें, तेव्हां बंडवाल्यांशीं संधान असल्याच्या संशयावरून मुख्य दुभाष्या कॉन्स्टंटाइन मुरूझिस याचा शिरच्छेद झाला. मग सुलतानाच्या सरकारनें स्वतःची भाषांतर-कचेरी काढली. 1833 नंतर तिला जोर चढला. आली पाशा व फुआद पाशा हे दोघेही याच कचेरींतून वर चढून साम्राज्याचे मुख्य वजीर झाले. ज्या ज्ञानासाठीं दरबार दीडशें वर्षें परक्यावर विसंबला होता, तेंच ज्ञान आतां राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या घरांत आलें.

ऑटोमन साम्राज्य लयास गेलें, ड्रॅगोमनही गेला. ‘तेर्जुमान’ मात्र तुर्कींत आजही साधा, रोजच्या वापरांतला शब्द आहे. दोन भाषांमध्यें उभा राहणारा माणूस दोन संशयांच्याही मध्यें उभा असतो. त्याच्यावांचून चालत नाहीं आणि त्याच्यावर विसंबवतही नाहीं. मुरूझिसनें त्याची किंमत आपल्या शिरानें दिली.