तळोजे मजकूर

गावांच्या नावांचे अर्थ लावण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. प्रत्येक क्षेत्राला एक माहात्म्य असते, आणि माहात्म्य म्हटले की नावाची उपपत्ती आलीच; कोणी ऋषी तेथे तपास बसलेला असतो, नाहीतर कोणा राक्षसाचे तेथे निर्दालन झालेले असते. इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी ऋषी व राक्षस सोडून दिले, परंतु सवय सुटली नाही. नावाचा पहिला भाग घ्यावा, त्यासारखा ऐकू येणारा एखादा संस्कृत शब्द शोधावा आणि समाधान पावावे, असा आपला परिपाठ आहे. नावाच्या शेपटाकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक इतिहास पुष्कळदा शेपटातच दडलेला असतो. ह्या विधानास उदाहरण म्हणून आम्ही आज वाचकांपुढे एकच नाव ठेवीत आहो, ते म्हणजे तळोजे मजकूर.

पनवेल तालुक्यात तळोजे नावाची दोन गावे दप्तरी नोंदलेली आहेत. एक तळोजे पाचनंद व दुसरे तळोजे मजकूर. मुंबईकरांस हा टापू माहीत आहे तो तेथील कारखान्यांमुळे, मध्यवर्ती कारागृहामुळे, आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरहून पेंधरपर्यंत धावणाऱ्या मेट्रोमुळे. आणि त्यांच्या तोंडी नाव असते ‘तळोजा’. जुने नपुंसकलिंगी ‘तळोजे’ इंग्रजी लिपीत गेले व तिकडून परत येताना पुल्लिंगी होऊन आले. गंमत अशी की, सामान्यरूप दोहोंचे एकच. ठाणे, ठाण्यास आणि घोडा, घोड्यास, तसेच तळोजे म्हणा की तळोजा म्हणा, जायचे ते तळोज्यासच. त्यामुळे हा लिंगबदल कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. परंतु आमचा विषय पहिले पद नव्हे. तळ्याशी त्याचे नाते जोडण्याचा मोह अनेकांस होईल. केवळ कानाच्या साक्षीवर असा निवाडा देऊ नये, इतकेच सांगून आम्ही दुसऱ्या पदाकडे वळतो.

‘मजकूर’ म्हटल्याबरोबर आज आपल्यापुढे छापील ओळी उभ्या राहतात. पत्रातील मजकूर, जाहिरातीचा मजकूर, आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील मजकूर. मग गावाच्या नावात हा शब्द कसा? उत्तर त्याच्या जन्मात आहे. शब्द अरबी. ज्या धातूपासून ‘जिक्र’ म्हणजे उल्लेख हा शब्द झाला, त्याच धातूचे हे कर्मणि रूप. अर्थ, ‘ज्याचा उल्लेख झाला आहे तो’. फारसी कारकुनांनी तो उचलला, आणि त्यांच्याकडून तो मराठी दप्तरात आला. एकदा सालाचा उल्लेख झाला की पुढे ‘साल मजकूर’, एकदा गावाचे नाव आले की पुढे ‘मौजे मजकूर’. मोठ्या माणसाचे नाव दुसऱ्यांदा येताच तो ‘मशारनिल्हे’ होई, म्हणजे ‘ज्याकडे निर्देश केला तो’. पुढे विशेषण असलेला मजकूर मराठीत नाम झाला. ‘उल्लेखिलेले’ ह्याचे ‘जे काही लिहिले आहे ते’ असे झाले, आणि मूळ अर्थ दप्तरापुरता उरला.

आता गावाकडे येऊ. तळोजे हे केवळ गावाचे नाव नव्हते. ते एका तर्फेचेही नाव होते. ह्याची साक्ष पनवेल तालुक्यातच आहे. तेथे आंबे नावाची दोन गावे आहेत, एक आंबे तर्फे तळोजे व दुसरे आंबे तर्फे वाजे. ‘तरफ’ म्हणजे बाजू. काही गावे मिळून तर्फ होई. आता कारकुनाची अडचण पाहा. यादीच्या माथ्यावर त्याने तर्फेचे नाव तळोजे असे लिहिले. खाली गावे मांडू लागला. आणि ज्या गावावरून तर्फेस नाव पडले ते गाव आले. पुन्हा तेच नाव लिहिण्याऐवजी ‘मजकूर’, म्हणजे वर सांगितलेलेच, असे लिहिणे ही दप्तराची नित्याची रीत. आमच्या मते तळोजे मजकूर हे नाव ह्याच रीतीतून आले. ज्याची लेखणी एका शब्दाची काटकसर करीत होती, त्याने न कळत एका गावास जन्माचे उपपद दिले. इंग्रज कारकून अशा ठिकाणी ‘डिट्टो’ लिहितो. तो शब्द इटालियन. त्याचाही अर्थ ‘सांगितलेले’ एवढाच.

तळोज्यात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. म्हणून हा अरबी शब्द त्यांच्यामुळे गावास चिकटला असावा, असे कोणास वाटेल. ते खरे नव्हे. हा शब्द वस्तीतून आला नाही, दप्तरातून आला. तसे नसते तर ज्या गावांत मुसलमानाचे एकही घर नाही त्यांच्या नावांत बुद्रुक आणि खुर्द कोठून आले असते? बुद्रुक म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’, थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. मौजे, कसबा, तालुका, जिल्हा हे सारे शब्द अरबी मुळाचे. तालुक्याचे मूळ ‘संबंध’ ह्या अर्थात आहे, आणि जिल्ह्याचे मूळ तर बरगडी. आपण ज्यास आपला मुलूख म्हणतो त्याची सारी मोजमापे ह्या शब्दांनी झालेली आहेत.

हे शब्द काढून टाकण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर पेशव्याचा प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव व डबिराचा सुमंत झाला. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सुमारे १४०० शब्दांचा राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी तीन काळांतील पत्रांतले शब्द मोजून दाखविले आहेत. मराठी शब्दांचे प्रमाण १६२८ मध्ये शेकडा १४.४, १६७७ मध्ये ६२.७ आणि १७२८ मध्ये ९३.७ होते. शंभर वर्षांत भाषेने एवढी कूस पालटली. पण दरबारातील पदव्या बदलणे निराळे आणि शेताच्या बांधावरील शब्द बदलणे निराळे. प्रधान झालेला पेशवा लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला, आणि मौजे, तर्फ व मजकूर तर जागचे हललेच नाहीत. कारण त्यांच्यावर कुणब्याचा सारा आणि वतनदाराचा हक्क अवलंबून होता.

तो हक्क आजही संपलेला नाही, आणि म्हणूनच हा विषय केवळ शब्दरसिकांच्या करमणुकीचा नाही. पनवेल तालुका १८८३ साली ठाणे जिल्ह्यातून कुलाब्यात गेला. कुलाब्याचे १९८१ साली रायगड झाले. १९७० साली सिडको स्थापन होऊन नव्या मुंबईसाठी जमिनी संपादिल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याचे धोरण निघाले. अशा प्रत्येक दाव्याच्या मुळाशी सातबाऱ्याचा उतारा असतो, आणि उताऱ्याच्या माथ्यावर मौजेचे नाव. भूमापनाचे क्रमांक प्रत्येक गावाचे निराळे. नुसते ‘तळोजे’ लिहून क्रमांक दिला तर जमीन कोठली हे ठरत नाही. ‘मजकूर’ की ‘पाचनंद’ हे सांगावेच लागते. कारकुनाने श्रम वाचविण्यासाठी योजिलेला शब्द आज एका कुटुंबाची जमीन दुसऱ्याच्या जमिनीपासून वेगळी करतो.

ह्या परिसरात नावांचे थर एकावर एक बसलेले दिसतात. खिडुकपाडा व देवीचा पाडा ह्यांतील ‘पाडा’ संस्कृत ‘पाटक’ ह्याचा वंशज. ओवे पेठेतील ‘पेठ’ कानडीच्या जवळची. ओवे कॅम्पातील ‘कॅम्प’ लॅटिन मैदानातून इंग्रजीवाटे आलेला. आता वर सेक्टर व फेज हे नवे थर चढत आहेत. त्यांचा आम्हांस राग नाही. नव्या वस्तीस नवी मोजणी लागते. मात्र २०१६ साली पनवेल महानगरपालिका होऊन गावे शहरात आली, तेव्हापासून जुन्या नावांची शेपटे अनावश्यक वाटण्याचा संभव वाढला आहे. कोणी ती यावनी म्हणून कापू पाहील, कोणी निरर्थक म्हणून. दोघांनीही आधी त्यांचा अर्थ विचारावा. सालमजकुरी, म्हणजे ह्याच वर्षी, एखाद्या शाळेतील शिक्षकाने मुलांकडून आपापल्या गावाचे उताऱ्यावरील पूर्ण नाव लिहवून घेतले आणि त्यातील प्रत्येक पदाचा अर्थ कोशात पाहावयास लावला, तर इतिहासाचा तो एक उत्तम धडा होईल.