क्रीडामोटार व शर्यतपथ

वेग, वळणावरील स्थैर्य आणि चालविण्याचा आनंद यांना सोयीपेक्षा अधिक महत्त्व देऊन बांधलेल्या, बहुधा दोन आसनांच्या मोटारगाडीस क्रीडामोटार म्हणतात. अशी गाडी तिच्या पूर्ण क्षमतेने सार्वजनिक रस्त्यावर चालविणे धोक्याचे व बेकायदेशीर असते. त्यामुळे बंदिस्त शर्यतपथ एका दिवसापुरता घेऊन, शुल्क भरणाऱ्या हौशी चालकांना तेथे आपापल्या गाड्या चालवू देण्याची प्रथा पडली. अशा दिवसास मराठीतही ‘ट्रॅक डे’ असेच म्हणतात. ही शर्यत नसते. तेथे क्रमांक लावीत नाहीत व बक्षिसेही देत नाहीत. चालकांना गटागटाने पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या मिळतात आणि ओलांडणी सहसा सरळ भागावर, पुढील चालकाने खूण केल्यावरच करावयाची असते. या छंदासाठी नवी गाडी घेणारे थोडेच. बहुतेकांची गाडी वापरलेली असते.

मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला पहिला मोठा पथ इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे १९०७ मध्ये सुरू झाला. जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग हा डोंगराळ पथ १९२७ मध्ये खुला झाला व शुल्क भरून सर्वसामान्यांना तेथे गाडी नेण्याची मुभा पुढेही राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ओस पडलेल्या लष्करी विमानतळांचे शर्यतपथ झाले. सिल्व्हरस्टोन व गुडवुड हे दोन्ही १९४८ मध्ये असेच उदयास आले. भारतातही या खेळाला पहिला आसरा मिळाला तो विमानांच्या धावपट्ट्यांवरच.

पश्चिम भारतात मोटारींच्या कसोटीची परंपरा जुनी आहे. डिसेंबर १९०४ मध्ये दिल्ली ते मुंबई अशी विश्वसनीयता चाचणी सुरू झाली; वेगापेक्षा गाडी धडपणे पोहोचते की नाही, हे तीत पाहिले जाई. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारमालकांची संस्था मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झाली. जुहू येथील विमानतळ १९२८ चा. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन येऊन विमान उतरविले ते येथेच. पुढे नियमित वाहतूक सांताक्रूझला गेल्यावर जुहूच्या मोकळ्या धावपट्टीवर १९५० नंतरच्या काळात मोटारींच्या व मोटारसायकलींच्या शर्यती होऊ लागल्या. कलकत्त्याजवळ बराकपूर व अलीपूर येथील धावपट्ट्यांवर, तर मद्रासच्या उत्तरेस शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर त्या भरत. मुंबईचा चालक गाडी घेऊन या ठिकाणी जाई आणि तेथील चालक जुहूला येत.

या चालकांजवळ कोणत्या गाड्या होत्या, हे पाहिले म्हणजे त्या काळची अडचण ध्यानात येते. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. परदेशी क्रीडामोटार मिळविण्याचे मार्ग मोजकेच उरले. संस्थानिकांच्या वाहनशाळांतून काही गाड्या बाहेर येत, परदेशातून कायमचे परतणारे लोक काही आणीत आणि परकीय वकिलातींनी वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. अर्थात शर्यतीत दिसणारी जॅग्वार किंवा लोटस ही बहुधा जुनी गाडी असे. तिचे सुटे भाग मिळत नसत आणि एखादा भाग तुटला की तो कुशल कारागिराकडून घडवून घ्यावा लागे. गोंडलचे महाराज व विजय मल्ल्या यांच्यासारख्या मोजक्या धनिकांनी शोलावरमला परदेशी शर्यतगाड्या आणल्या. बाकीच्यांना देशी गाडीवरच भागवावे लागले.

ती देशी गाडी बव्हंशी मुंबईची होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० गाडी तयार होऊ लागली. तिचे एंजिन १,०८९ घ. सेंमी. चे. कुटुंबासाठी बांधलेल्या या गाडीचा शर्यतीसाठी कायापालट करणारे मेकॅनिक हे या इतिहासातील खरे नायक म्हणावे लागतील, जरी त्यांची नावे क्वचितच नोंदली गेली. सिलिंडरचे डोके घासून ते संपीडन गुणोत्तर वाढवीत, एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवीत, गतिपालचक्र तासून हलके करीत, मागील आसन व दारांची अस्तरे काढून टाकीत आणि स्प्रिंगा कापून गाडी जमिनीलगत आणीत. अनेकदा हीच गाडी सोमवारी मालकाला कामावर नेत असे. स्टँडर्ड हेरल्ड व १९८३ नंतर मारुती ८०० यांच्यावरही असेच प्रयोग झाले.

शोलावरमच्या इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या धावपट्टीवरील शर्यती १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने अनेक वर्षे भरविल्या. या क्लबचा इरुंगट्टुकोट्टई येथील ३.७ किमी. लांबीचा कायमचा पथ १९९० मध्ये खुला झाला. कोईमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २००३ चा आहे. फॉर्म्युला मारुती गाडीचे निर्माते एस. करिवर्धन यांचे नाव त्याला दिलेले आहे. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय पथावर २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. ट्रॅक डेची प्रथा भारतात रुजली ती या तीन पथांमुळे. महाराष्ट्रात लोणावळ्यापलीकडील आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतील वेगस्पर्धा भरल्या; म्हणजे येथील चालक पुन्हा धावपट्टीवरच आला.

वापरलेल्या गाड्यांचा बाजार १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर पालटला. गोव्यात १९९८ मध्ये सॅन स्टॉर्म ही फायबरच्या कवचाची, रेनॉचे एंजिन असलेली दोन आसनी उघडी गाडी निघाली. ती थोडीच खपली. औरंगाबादजवळील (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे जुळविलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २००४ मध्ये बाजारात आली. तिच्या टर्बो एंजिनाची शक्ती १५० अश्वशक्ती होती व वेगाच्या शौकिनांत ती आजही मागितली जाते. चाकण येथे बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोची एकजिनसी स्पर्धामालिका २०१० मध्ये सुरू झाली. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, तरी ट्रॅक डेच्या रांगेत जुन्या पोलो हमखास दिसतात. वापरलेली परदेशी गाडी आणण्यास २००१ पासून वाव मिळाला खरा, परंतु ती तीन वर्षांहून जुनी नसावी, उजव्या हाताच्या चक्राची असावी या अटींमुळे व जबर सीमाशुल्कामुळे तो मार्ग सामान्य हौशी माणसास बंदच राहिला.

अशी गाडी घेताना एंजिनापेक्षा सांगाडा पाहणे महत्त्वाचे असते. अपघातानंतर सरळ केलेला सांगाडा रस्त्यावर जाणवत नाही, वेगाच्या वळणावर मात्र गाडी एका बाजूस ओढू लागते. किनारपट्टीवर गंजाची भर पडते. पालघर जिल्ह्यातील एडवण, केळवे, दातिवरे अशा समुद्रकाठच्या गावांत उभ्या राहिलेल्या गाडीचा तळपत्रा व दाराखालचे पोकळ भाग खाऱ्या हवेने आतून पोखरले जातात. वरचा रंग चकचकीत असला, तरी उचलणीवर चढवून खालून ठोकून पाहिल्याखेरीज तो दोष समजत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते व त्यामुळे कमी उष्णतेवर उकळू लागते. वारंवार जोराने ब्रेक लावल्यावर त्यात वाफ होते आणि पायपट्टी सरळ तळाशी जाते. म्हणून ते पथावर जाण्यापूर्वी बदलतात. कागदपत्रांत नोंदणीपुस्तकावरील एंजिन व सांगाड्याचे क्रमांक, कर्जाचा बोजा उतरल्याचा नमुना ३५ आणि हस्तांतराचे नमुने २९ व ३० पाहावे लागतात. शक्ती वाढविलेल्या गाडीबाबत विशेष सावधगिरी हवी, कारण नोंदणीत नसलेला बदल मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार चालत नाही.

एडवणचा रहिवासी सफाळे व वरई फाटा या वाटेने महामार्गावर येतो आणि तेथून वर सांगितलेल्या तिन्ही पथांपैकी कोणताही सु. १,३०० ते १,४०० किमी. दूर असतो. गाडी पथावर मोडल्यास ती वाहनावर लादून तितकेच अंतर परत आणावी लागते. या खर्चाला भिऊन रात्रीच्या रिकाम्या महामार्गावर वेग आजमावणारे तरुण कमी नाहीत. अधिनियमाच्या कलम १८९ प्रमाणे शासनाच्या संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड पाच हजार रुपयांपर्यंत वाढविला. पथावरही धोका संपत नाही. इरुंगट्टुकोट्टई येथे जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतील एका शर्यतीत के. ई. कुमार या अनुभवी चालकाचा अपघाती मृत्यू झाला. मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रातून संघटित शर्यती व वेगचाचण्या वगळलेल्या असतात. पथावर झालेली हानी सहसा मालकालाच सोसावी लागते. त्यामुळे अनुभवी हौशी चालक गाडी घेतानाच तिच्या किंमतीइतकी रक्कम बुडाली असे धरून चालतात, आणि वाचलेले पैसे शिरस्त्राण, टायर व ब्रेक यांवर घालतात.