नामदेवांच्या मेळ्यातली माणसं

आपण दहावीला होतो त्या १९९५ साली परभणीत ६८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते नारायण सुर्वे. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेलं पोर, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं वाढवलेलं, पुढे शाळेत शिपाई आणि नंतर शिक्षक. तेव्हा आपलं सगळं लक्ष अपेक्षित प्रश्नसंचात होतं, त्यामुळे गावात केवढा माणूस आला याचं भान कुणालाच नव्हतं. आज वाटतं, परभणीच्या मांडवात असा अध्यक्ष बसणं ही या मुलखासाठी काही नवलाची गोष्ट नव्हती. सातशे वर्षांपूर्वी इथलीच माणसं एका गाणाऱ्या मेळ्यात सामील झाली होती, आणि त्या मेळ्यातल्या बहुतेकांचं आडनाव म्हणजे त्यांचा धंदाच होता.

संपादक मंडळानं मला बजावलं होतं की डबा, छडी आणि सहल या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू काहीतरी अभ्यासाचं दे. म्हणून हा लेख. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि पोट सॉफ्टवेअरवर, तेव्हा इतिहासाच्या सरांनी लाल पेन हाताशी ठेवूनच वाचावं.

आधी नकाशा. भूगोलाच्या तासाला आपण परभणी जिल्ह्याचा जो नकाशा काढायचो, त्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत असं सगळं येत असे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. तो जुना नकाशा समोर धरा. वरच्या अंगाला नरसी, म्हणजे नरसी-बामणी. संत नामदेवांचं मूळ गाव हेच, असं परंपरा मानते. थोडं खाली औंढा नागनाथ. तिथल्या देवळात विसोबा खेचर नामदेवांचे गुरू झाले. आणि दक्षिणेला गोदावरीच्या काठी आपलं गंगाखेड, जनाबाईचं. शिष्य, गुरू आणि दासी, तिघेही एका जिल्ह्याच्या नकाशात मावतात. नकाशा काढून काढून हात दुखायचा, पण या तीन ठिपक्यांना जोडणारी रेघ काही आपल्याकडून कधी ओढली गेली नाही.

या विषयाकडे मी वळले ते जरा आडवाटेनं. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त परदेशी असताना एका जुन्या चर्चमध्ये पाच जणांचं गायन ऐकायला गेले. युरोपातलं तेराव्या-चौदाव्या शतकातलं संगीत, एकही वाद्य नाही, नुसते आवाज. दारात एक पत्रक दिलं होतं आणि त्यात गाण्यांपेक्षा गायकांचीच माहिती जास्त होती. एक रसायनशास्त्र शिकवणारी, एक नर्स, एक पियानो दुरुस्त करणारा. माझ्या मनात आलं, ही आजची माणसं झाली. पण त्या काळी हे संगीत कोण गात होतं? पॅरिसच्या नोत्र दामसारख्या मोठ्या देवळात ते गाणारे सगळे पुरुष, चर्चच्या सेवेतले आणि लॅटिन शिकलेले. बायका गात त्या आपापल्या मठात, वेगळ्या. आणि मग आपल्याकडचं पत्रक डोळ्यांसमोर आलं. आपल्याकडे त्याच काळात पंढरपूरच्या वाळवंटात जी माणसं गायला उभी राहिली, त्यांच्या माहितीचं पत्रक छापलं तर कसं दिसेल?

नामदेव (१२७०–१३५०) जातीनं शिंपी, वडील दामाशेटी कापडाचा व्यापार करणारे. गोरोबा तेरचे, कुंभार. सावता अरणचे, माळी; मळा सोडून ते पंढरीलाही गेले नाहीत असं सांगतात. नरहरी पंढरपूरचेच सोनार, आणि मूळचे कट्टर शिवभक्त. सेना न्हावी. चोखोबा मंगळवेढ्याचे, महार, आणि ते एकटे नाहीत: पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, अख्खं घर अभंग रचणारं. विसोबा खेचर सावकारी-व्यापारातले, आधी ज्ञानेश्वरादी भावंडांचे विरोधक. ती भावंडं स्वतः संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली. सगळे एकाच वेळी एकाच रिंगणात उभे होते असं नाही. सावतोबा १२९५ मध्ये गेले, ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, नामदेव त्यानंतर चोपन्न वर्षं होते. त्या चोपन्न वर्षांत देवगिरीचं यादवांचं राज्य बुडालं आणि दिल्लीची फौज दख्खनेत आली. तरी हा मेळा गात राहिला. नामदेव तर गात गात पंजाबपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि ज्या घुमान गावी ते राहिले तिथे २०१५ मध्ये आपलं ८८वं साहित्य संमेलन भरलं.

धंद्याचा उल्लेख मी केवळ जात सांगण्यासाठी करत नाही. ही माणसं आपली हत्यारं बाहेर ठेवून गायला आली नव्हती. सावतोबांच्या अभंगात भाजी येते, नरहरींच्या अभंगात सोनाराची बागेसरी आणि मूस, सेनांच्या अभंगात आरसा आणि चिमटा. गोरोबांची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे: थापटण्यानं संतांच्या डोक्यावर ठोकून कोण पक्कं, कोण कच्चं हे त्यांनी सांगितलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. ती परीक्षा शास्त्रार्थाची नव्हती, कुंभाराची होती, आणि मुख्य गायकालाही ती चुकली नाही. नापास झालेले नामदेव मग गुरू शोधत औंढ्याला गेले. (आमच्या कंपनीत वरिष्ठांचं काम तपासायला नवशिक्याला बसवतात, तेव्हा मला गोरोबांचं थापटणं आठवतं.)

आता जनाबाई. गंगाखेडच्या दमा आणि करुंड यांची ही मुलगी, लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली. त्या घरात माणसं किती? दामाशेटी, गोणाई, नामदेव, राजाई, आऊबाई, नारा-विठा-गोंदा-महादा ही चार मुलं, त्यांच्या चार बायका, लेक लिंबाई. चौदा झाली. पंधरावी जनी. या पंधरा जणांचं दळण, कांडण, पाणी, झाडलोट, शेणी हे जिच्या वाट्याला, तिच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. शतकोटी अभंगांचा संकल्प नामदेवांनी केला आणि तो घरात वाटून दिला अशी कथा आहे, तीत जनीलाही वाटा मिळाला. कथा म्हणून सोडून द्या, पण वाटणीच्या यादीत दासीचं नाव असावं असं गाणाऱ्यांना वाटलं, हेच मला मोठं वाटतं.

तिच्या नावावरच्या दोन अभंगांविषयी मला खास सांगायचं आहे.

एक तुम्ही सगळ्यांनी प्रार्थनेला म्हटलेला आहे. त्यात विठ्ठल लेकुरवाळा आहे आणि त्याच्या अंगाखांद्यावर पोरांसारखी ही सगळी मंडळी: कुणी खांद्यावर, कुणाचा हात धरलेला, कुणी पुढे चालतंय, कुणी मागे, गोरोबा मांडीवर, बंका कडेवर, नामदेवांनी करंगळी धरलेली. गायनाच्या बाई तो चालीवर बसवून घ्यायच्या आणि आपण तोंडं हलवायचो. आता वाचताना जाणवतं की हा त्या मेळ्याचा वर्गफोटो आहे. जातीच्या उतरंडीप्रमाणे त्यात कुणालाच उभं केलेलं नाही. चोखोबांचा मेहुणा थेट देवाच्या कडेवर! आणि जनी स्वतः फोटोत कुठेच नाही, तिची फक्त सही आहे खाली.

दुसरा अभंग गायला जात नाही, कारण तो जवळजवळ यादीच आहे. कोणाचे अभंग कोणी लिहून घेतले, याची. निवृत्तींचे सोपानानं, मुक्ताईचे ज्ञानदेवांनी, चांगदेवांचे श्यामा कासारानं, सावता माळ्याचे काशिबा गुरवानं, कर्ममेळ्याचे वासुदेव नावाच्या कायस्थ लेखकानं, आणि चोखोबांचे अनंतभट्टानं. आमच्या धंद्यात कोणत्या ओळी कुणी कधी लिहिल्या याची नोंद यंत्र ठेवतं. ती नसेल तर पुढे सगळं श्रेय मोठ्या नावाला जातं, हा रोजचा अनुभव आहे. इथे ती नोंद दासीच्या तोंडी आहे. महाराच्या तोंडचे शब्द भटानं कागदावर उतरवले, हे नाव घेऊन सांगितलं आहे. ज्या काळी सावली पडली तरी विटाळ होई, त्या काळी लिहिणाऱ्याला बोलणाऱ्याच्या शेजारी बसावं तर लागलंच असेल! आणि स्वतःचा लेखक म्हणून जनी पांडुरंगाचंच नाव सांगते. दासीला कुणी लेखनिक दिला नव्हता, असं मी त्याचं वाचन करते. भाविकांनी त्यांचं वाचन खुशाल ठेवावं.

सहीबद्दल एक सावधगिरी. अभंगाच्या शेवटी नाव गुंफायची रीत होती, पण त्या सहीला पासवर्ड नव्हता. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी झाले, त्यांची आणि मूळ नामदेवांची रचना गाथांमध्ये मिसळली. जनीच्या नावावरही इतरांनी रचलेलं काही असणार. हे अभंग पिढ्यान् पिढ्या गाऊन जपलेले, वह्यांत उतरलेले नंतरचे. माझ्या मते यानं जनी लहान होत नाही. पुढच्या कुणालातरी आपली ओळ मोलकरणीच्या नावानं सोडाविशी वाटली, हा तिचा मान आहे.

आणि तिचं गाणं आलं कुठून? शिकवायला कुणी बसलं नव्हतं. ते आलं जात्यातून. ओवी ही दळणाऱ्या बायकांची, खुंट्याच्या फेऱ्याबरोबर चालणारी, पहाटेची. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८० आणि ९०च्या दशकांत गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या जिल्ह्यातल्या ताडकळसच्याही आहेत. त्या ओव्यांत जनी पुन्हा पुन्हा भेटते, आणि बायका तिला एकेरीत हाक मारतात, मैत्रिणीसारखी. विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो या कथेचं मूळही तिथेच असावं. जातं एकटीनं ओढणं जड जातं, समोर दुसरा हात लागतो, आणि जनीच्या समोर बसायला घरात कुणी नव्हतं.

हे सगळं वाचून मेळ्यात सगळंच गोड होतं असं वाटू नये. वाळवंटात उंबरठा नसतो, म्हणून तिथे सगळे एकत्र गायले. देवळाला उंबरठा होता. चोखोबा आयुष्यभर बाहेर राहिले. १३३८ मध्ये मंगळवेढ्याचं गावकूस बांधण्याच्या कामावर असताना ते कोसळलं आणि इतर मजुरांसोबत ते गाडले गेले. नामदेवांनी जाऊन त्यांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. मेळ्यातला मित्र नामदेवांना आणता आला तो देवळाच्या दारापर्यंतच. त्या दारातून सगळ्यांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. मध्ये सहाशे नऊ वर्षं गेली.

जनीचंही तसंच. देवाचं पदक हरवलं तेव्हा पहिला संशय तिच्यावर आला, सुळाची शिक्षा झाली, आणि ऐनवेळी सुळाचं पाणी झालं, अशी कथा आहे. सुळाचं पाणी होणं हा चमत्कार. आधीचा भाग मात्र मी आमच्या सोसायटीत दोनदा पाहिला आहे. अंगठी हरवली की पहिली झडती कामवालीच्या पिशवीची, आणि अंगठी कपाटात सापडली की तिला कुणी सॉरीही म्हणत नाही. दोन्ही वेळा घरमालक रोज सकाळी अभंग लावणारे होते.

१३५० मध्ये नामदेवांनी आणि त्यांच्या कुटुंबानं पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली. तीच नामदेव पायरी. समोर चोखोबा. जनीही त्याच दिवशी तिथेच गेली असं पंढरपूरचे लोक सांगतात, आणि गंगाखेडचे लोक आपल्या गोदाकाठच्या समाधीकडे बोट दाखवतात. मी गंगाखेडच्या बाजूनं आहे, कारण उघड आहे.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परळीकडे जाणाऱ्या गाडीनं गंगाखेडला जायचं ठरतं आहे. अजून अकरा जणांनीच नावं दिली आहेत. ज्यांच्याकडे टाळ असतील त्यांनी आणावेत. गायनाच्या बाई येणार आहेत, त्यांना पायऱ्या उतरायला हात द्यायला दोघी लागतील. आणि लेकुरवाळ्याच्या अभंगाचे शब्द सगळ्यांनी पाठ करून या, या वेळी बाई तोंडांकडे बघणार आहेत.