सातबाऱ्यावर दुसरं नाव

महाशिवरात्रीच्या जत्रेत कुणकेश्वरला माणूस मावत नाही आणि मोबाइलला रेंज मिळत नाही. नेमक्या त्याच आठवड्यात मी भावाच्या जुन्या लॅपटॉपवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसलो. पहिली काढायची नव्हती. तिच्यात आंब्याच्या गिऱ्हाइकांची तीन वर्षांची यादी होती आणि तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ही माझी पहिली चूक.

इन्स्टॉल पूर्ण झालं, पण मशीन पुन्हा सुरू केल्यावर थेट जुनीच सिस्टिम उघडली. नव्या सिस्टिमचं नावनिशाण नाही. खटपट करून ती उघडली, तर यादी असलेल्या ड्राइव्हवर काहीच लिहिता येईना. पुन्हा जुनीत गेलो, तर भर दुपारी बारा वाजता घड्याळ सकाळचे साडेसहा दाखवत होतं. आजीने पडवीतून विचारलं, "काय रे, मेलो काय तो?"

मेला नव्हता. जुन्या कुळकटी निघाल्या होत्या, एवढंच. लॅपटॉपमधल्या अशा प्रत्येक अडचणीमागे कुणीतरी कधीतरी घेतलेला एक निर्णय असतो.

कोकणातल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. घर एक, हिस्सेदार अनेक, आणि कुणाचा हिस्सा कुठून कुठपर्यंत हे सातबाऱ्यावर. हार्ड डिस्कचंही तसंच. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि पीसी डॉस २.० मध्ये तिची वाटणी करायची सोय झाली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समध्ये सगळा कारभार: ४४६ बाइट्स मशीन सुरू करणाऱ्या कोडला, ६४ बाइट्स वाटणीच्या तक्त्याला, उरलेले दोन खुणेला. तक्त्यात नोंदी फक्त चार. म्हणजे एका डिस्कवर एकाहून जास्त सिस्टिम राहतील, हे तेव्हाच गृहीत धरलं होतं. पण दिंडीदरवाजा मात्र एकच.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स जाहीर केलं आणि त्या दारावरून ओढाताण सुरू झाली. विंडोज नंतर टाकलं की ते दारावरचा कोड स्वतःचा लिहून टाकायचं. लिनक्स डिस्कवर शाबूत, पण आत जायला वाट नाही. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा सल्ला तिथूनच आला. पुढे ग्रब आलं. ते दारात उभं राहून विचारतं, कुणाकडे जायचंय?

नंतर दारच बदललं. जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय आलं, वाटणीचा तक्ता जीपीटी झाला आणि चारऐवजी १२८ नोंदी मावू लागल्या. आता कुठल्या सिस्टिमला आधी हाक मारायची, हे मदरबोर्डवरच्या यादीत लिहिलेलं असतं. माझी पहिली अडचण हीच होती. नवी सिस्टिम बसली होती, पण यादीत तिचा नंबर दुसरा. सेटिंगमध्ये जाऊन ती वर आणली, मेनू दिसला.

दुसरी अडचण २०१२ ची. विंडोज ८ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शटडाउन केलं तरी सिस्टिम पूर्ण बंद होत नाही. तिचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो. झोपलेल्याच्या खोलीत दुसऱ्याने सामान हलवलं तर उठल्यावर घोळ होणार, म्हणून लिनक्स तो ड्राइव्ह फक्त वाचायला देतं. इथे जबरदस्ती केली असती तर आंब्याची यादी गेली असती. फास्ट स्टार्टअप बंद केलं आणि मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं. ड्राइव्ह मोकळा झाला.

तिसरी सर्वांत जुनी. विंडोज मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, ही डॉसच्या काळची सवय. लिनक्स तिथे जागतिक वेळ लिहितं. भारतात फरक साडेपाच तासांचा. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवली की भांडण मिटतं.

पण खरा प्रश्न किल्लीचा आहे. विंडोज ८ चा लोगो हव्या असलेल्या कंपन्यांना मायक्रोसॉफ्टने 'सिक्युअर बूट' सक्तीचं केलं. ओळखीची सही असेल तोच कोड सुरू होणार. हेतू चुकीचा नव्हता, दारातच घुसणारे व्हायरस असतात. पण मशीनमध्ये सर्वत्र असलेली किल्ली मायक्रोसॉफ्टची होती. २०१२ च्या अखेरीस मॅथ्यू गॅरेटने 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम आणला. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही, आणि तो पुढे लिनक्सला वाट देतो. म्हणजे हिस्सा आपला, पण येण्याजाण्याची परवानगी शेजाऱ्याची. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभरातल्या अनेक ड्युअल बूट मशीनवरचं लिनक्स सुरू होईना, तेव्हा या परवानगीचा अर्थ लोकांना नीट कळला.

हे आज का सांगायचं? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० सारख्या गोष्टी लागतात, त्या गावोगावच्या अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये नाहीत. ती मशीन चालतायत. त्यांना भंगारात काढायचं की सातबाऱ्यावर दुसरं नाव चढवायचं, हा निर्णय मालकाचा असायला हवा. डेबियनचा इन्स्टॉलर उघडला तर भाषांच्या यादीत मराठीही आहे. कुणीतरी बसून ते शब्द मराठीत आणले, म्हणून आहे.

तुम्ही करणार असाल तर क्रम लक्षात ठेवा: आधी दुसरी प्रत, मग फास्ट स्टार्टअप बंद, मग वाटणी. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या.

आमची यादी वाचली. आता ती पेनड्राइव्हवर आहे, आणि आजीच्या सांगण्यावरून वहीतही.