मण्यांवर मोजलेलं बायबल

मागे वसईकडच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. तिथे हप्त्याच्या वहीत अंगठा उठवणाऱ्या एक कॅथलिक आजी होत्या. हिशेब लांबला, तशी त्यांच्या हातातली रोझरी फिरू लागली. मी सहज विचारलं, "आजी, बायबल वाचता का?" त्या म्हणाल्या, "वाचायला येतंय कुठं? पण म्हणते ते त्यातलंच."

घरी येऊन पुस्तकं चाळली. आजींचं बरोबर होतं!

युरोपातल्या मठांत बायबलातली दीडशे स्तोत्रं लॅटिनमध्ये म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हतं, ते त्याऐवजी दीडशे वेळा एक छोटी प्रार्थना म्हणू लागले आणि मोजायला मणी घेतले. त्यातूनच पुढे पन्नास-पन्नास नमो मरियांची जपमाळ रुळली. नमो मरियाचा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातला आहे. आधी देवदूताचा नमस्कार, मग एलिझाबेथने मरियेला दिलेला आशीर्वाद. दोघी गर्भार, दोघी नात्यातल्या. एका बाईने दुसरीला म्हटलेले शब्द जगभर रोज म्हटले जातात, याचं मला फार अप्रूप वाटलं. शेवटची विनवणी चर्चने नंतर जोडली. दर दहा मण्यांना एक प्रसंग मनात धरायचा, त्यातले बहुतेक शुभवर्तमानातले.

आपल्याकडची गोष्ट तर आणखी जवळची. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं बंद केली होती, मग ऐकायचं काय? एका ब्राह्मणाने तसं विचारल्याचं 'ख्रिस्तपुराणा'तच आलं आहे. म्हणून फादरांनी बायबलची कथा मराठी ओवीत रचली. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं हे पुराण १६१६ साली राशोलला छापलं, तेही रोमन लिपीत. ते चर्चमध्ये वाचून दाखवत, लोक ऐकून पाठ करत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. ज्या भाषेत देवाशी बोलायचं तीच सोडा म्हणे!

मिस्सा मात्र लॅटिनमध्येच राहिली. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकांच्या भाषांत आली, आणि रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात लावली गेली. हळूहळू बायकाही वेदीजवळ उभ्या राहून वाचू लागल्या. वाचकाचं रीतसर पद मात्र त्यांना २०२१ साली मिळालं.

आजींची नात आता रविवारी चर्चमध्ये वाचते. आजी पुढच्या बाकावर बसतात. म्हणाल्या, "एखादा शब्द गाळला तर घरी आल्यावर सांगते तिला."