सागरमाळावरील ज्ञानोपासक

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेत विश्वस्तांची, देणगीदारांची आणि पूर्वाध्यक्षांची छायाचित्रे यावीत हे उचितच होय. तथापि ज्यांनी आपल्या समाजाची कीर्ती विद्येच्या क्षेत्रात देशोदेशी नेली, त्यांचे स्मरण अशा प्रसंगी पुष्कळदा केवळ नामोल्लेखापुरते उरते. म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या आरंभकाळातील काही गुरुजनांविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

कोल्हापुरात विद्यापीठ असावे हा विचार सन १९६२ पेक्षा पुष्कळ जुना. इ. स. १८८० मध्ये स्थापन झालेल्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्यपद सन १९२२ पासून डॉ. बाळकृष्ण यांच्याकडे होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने येथे विद्यापीठ व्हावे, हे स्वप्न त्यांनी उराशी बाळगले होते. सन १९४० मध्ये ते निवर्तले. त्यानंतर बावीस वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचे उद्घाटन झाले. चीनचे आक्रमण चालू होते आणि साऱ्या देशाचे चित्त सीमेकडे लागले होते. अशा वेळी सागरमाळाच्या उजाड पठारावर विद्यापीठ उभारण्याचे दायित्व पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्यावर आले. ते मूळचे इतिहास संशोधक. ताराबाईकालीन कागदपत्रांचे त्यांनी केलेले संपादन अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. आज त्या माळावर जी वृक्षराजी दिसते, तिचा आरंभ त्यांच्या कारकीर्दीतला. बारा वर्षांहून अधिक काळ ते कुलगुरुपदी राहिले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांचे विद्यार्थी बॅ. पी. जी. पाटील यांनीही हे पद भूषविले.

परंतु आपल्या समाजाच्या दृष्टीने या परिवारातील सर्वात मोठे नाव डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे. त्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सदलगा या गावी झाला. सन १९३० मध्ये मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी घेऊन ते त्याच वर्षी राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक झाले आणि सन १९६२ पर्यंत तेथेच राहिले. त्यांची निवृत्ती आणि शिवाजी विद्यापीठाचा जन्म एकाच वर्षातला! विद्यापीठाने त्यांना सन्मान्य प्राध्यापक म्हणून सामावून घेतले. कला विद्याशाखेचे अधिष्ठातापदही त्यांनी सांभाळले. सन १९७१ मध्ये म्हैसूर विद्यापीठाने जैनविद्या व प्राकृत या अध्यासनावर त्यांना पाचारण केले.

अर्धमागधीच्या वर्गात विद्यार्थी ते किती असणार? ही भाषा पोटापाण्याची नव्हती. तरीही बत्तीस वर्षे त्यांनी ती शिकवली आणि त्याच काळात 'प्रवचनसार' (१९३५), 'परमात्मप्रकाश' (१९३७), 'वरांगचरित' (१९३८), 'बृहत्कथाकोश' (१९४३) अशा एकाहून एक सरस आवृत्त्या सिद्ध केल्या. डॉ. हीरालाल जैन यांच्या समवेत सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेसाठी त्यांनी 'तिलोयपण्णत्ती' संपादिली.

ग्रंथसंपादन म्हणजे जुनी पोथी उतरवून छापखान्याकडे पाठविणे, असा आपल्यापैकी अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एकाच ग्रंथाच्या चार ठिकाणच्या चार पोथ्या मिळवाव्या लागतात. एखादी ताडपत्रावर जुन्या कानडी लिपीत, तर दुसरी कागदावर देवनागरीत. लेखनिकाची डुलकी कोठे, पदरची भर कोठे, हे ओळखून एकेक शब्द पारखावा लागतो, निवडलेला पाठ वर आणि नाकारलेले पाठभेद तळटीपेत द्यावे लागतात. एवढे झाल्यावर ग्रंथकाराचा काळ, गण आणि भाषा यांचा विचार. 'वरांगचरिता'ची कथा या दृष्टीने बोलकी आहे. हे काव्य रविषेणाचार्यांचे, असे विद्वानांत मानले जात असे. उपाध्ये यांना त्याच्या ताडपत्रीय प्रती आपल्या कोल्हापुरातच, लक्ष्मीसेन मठाच्या भांडारात मिळाल्या, आणि हे काव्य जटासिंहनंदी यांचे असल्याचे त्यांनी साधार दाखविले. त्या पोथ्यांवरून शतकानुशतके नमस्काराचे हात फिरले असतील, पण कर्त्याचे नाव शोधणारा वाचक तिला विसाव्या शतकात लाभला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपण उपाध्ये यांना 'आपले' म्हणून गौरवितो. परंतु संशोधनात ते कोणाचेच नव्हते. जन्माने दिगंबर असूनही हरिभद्रसूरींचे 'धूर्ताख्यान' आणि उद्योतनसूरींची 'कुवलयमाला' हे श्वेतांबर आचार्यांचे ग्रंथ त्यांनी तितक्याच आस्थेने अभ्यासिले. शके ७०० संपण्यास एक दिवस उरला असता पूर्ण झालेल्या या 'कुवलयमाले'त बाजारपेठेतील निरनिराळ्या प्रांतांच्या व्यापाऱ्यांच्या बोली आल्या असून त्यांत मरहट्ट मनुष्याची बोलीही आहे. मराठीच्या इतिहासात या उल्लेखाचे मोल मोठे आहे. दिगंबर मुनींप्रमाणे नग्न राहणारा, परंतु स्त्रीमुक्ती व केवलिभुक्ती मानणारा यापनीय संघ आज दोन्ही परंपरांच्या विस्मृतीत गेला आहे. त्याचे शिलालेख बेळगाव-कोल्हापूर भागात सापडतात. त्या संघाचा इतिहास उपाध्ये यांनी चिकाटीने जुळविला आणि सिद्धसेन दिवाकर हे यापनीय असावेत, असे मत मांडले. असे मत दोन्ही पक्षांना सारखेच गैरसोयीचे. कुंदकुंदाचार्यांच्या कालनिर्णयातही श्रद्धेने सांगितलेली तिथी त्यांनी प्रमाण मानली नाही, पट्टावली आणि शिलालेख तपासूनच निष्कर्ष काढला. त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या आपण मंडळींनी हे त्यांचे मत वाचून पचविले आहे काय, अशी शंका प्रस्तुत लेखकाच्या मनात येते.

भाषेच्या बाबतीतही त्यांची वृत्ती अशीच. सन १९६७ मध्ये श्रवणबेळगोळ येथे भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. महाजन आयोगाचा अहवाल त्याच वर्षीचा. सीमाप्रश्नाने दोन्हीकडे वातावरण तापलेले असता कोल्हापूरनिवासी प्राध्यापकाने कन्नडचे अध्यक्षपद भूषवावे, याचे आज नवल वाटते. सदलग्याच्या माणसाला मात्र दोन्ही भाषा घरच्याच. ८ ऑक्टोबर १९७५ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

विद्यापीठातील दुसरे स्मरणीय नाव डॉ. विलास आदिनाथ संगवे यांचे (१९२०–२०११). ते समाजशास्त्राचे प्राध्यापक. जैन समाजाचे सामाजिक सर्वेक्षण करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ सन १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्त्वज्ञानात जातिभेदाला थारा नसताना प्रत्यक्ष समाज किती जाती-पोटजातींत विभागला आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. आरसा दाखविणारा मनुष्य घरात सहसा प्रिय नसतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यांचे धैर्य कळते. शाहू संशोधन केंद्राचे संचालक या नात्याने राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंडही त्यांनी संपादिले. सन १९०१ मध्ये कोल्हापुरात दिगंबर जैन वसतिगृह निघाले, त्या वसतिगृह-चळवळीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला या खंडांवाचून गत्यंतर नाही.

या थोरांच्या मागे आणखी एक वर्ग होता. संपादकाचे दुर्वाच्य हस्ताक्षर लावून टंकलेखन करणारे लिपिक, परगावच्या भांडारातून टपालाने आलेली पोथी नोंदवून घेणारे ग्रंथालय सेवक, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाहणारे शिपाई. गौरवग्रंथात त्यांची नावे क्वचितच येतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील वडीलधारे याच वर्गातले. त्यांच्या आठवणी घरोघर विचारून लिहून ठेवल्या, तर पुढील पिढीच्या हाती काही लागेल. विलंब मात्र करता कामा नये, कारण आरंभकाळी नोकरीस लागलेले लोक आज ऐंशीच्या पुढे आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. सर्वत्र आनंद व्यक्त झाला, पेढेही वाटले गेले. त्यानंतर काही दिवसांनी प्रस्तुत लेखक एका मंदिराच्या ग्रंथभांडारात 'वरांगचरित' पाहावयास गेला होता. कपाटाची किल्ली शोधण्यातच अर्धा तास गेला. ग्रंथ सापडला, सुस्थितीत होता, वरचे वेष्टनही स्वच्छ होते. प्रस्तावनेची पाने मात्र छापखान्यातून आली तशीच कडेला जोडलेली होती. भांडाराची व्यवस्था पाहणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी संकोचाने फूटपट्टी आणून दिली, आणि आम्ही दोघांनी मिळून ती सावकाश कापली.